ढोलीतली बाळंतीण

पिकल्या उंबरांचा वास आला की मागच्या दारचे आंब्याचे झाड आठवते. त्याच्या ढोलीचे तोंड चिखलाने लिंपलेले बघून सासूबाई म्हणाल्या, "गांधीलमाशीचं घर असंल गो, कोयत्यानं खरवडून टाक." मला माशीची भीती, म्हणून आधी स्वयंपाकघराच्या खिडकीतून मोबाईलमध्ये ढोली मोठी करून बघत होते. तेवढ्यात लांब चोचीचा एक ककणेर, म्हणजे धनेश पक्षी, येऊन झाडाला बिलगला. लिंपणाच्या फटीतून दुसरी चोच बाहेर आली आणि तो तिला गळ्यातून एकेक उंबर काढून भरवू लागला. मी श्वास रोखून फोटो काढला आणि सासूबाईंना दाखवला. "अगो बाय, आत बाळंतीण हाय! सोताला लिंपून घेऊन बसलीय!" म्हणत त्यांनी कोयता उचलून ठेवला. पिल्ले बाहेर येईपर्यंत आम्ही मागच्या दारी धुणेही आपटले नाही. फोटो हललेला आहे, तरी आजही तो उघडला की मी आवाज न करता बघते.