चार वाजताचा चेहरा

केळव्यात कुणाला शिंक आली की पहिला काढा चंद्रकांताच्या घरी उकळतो, असं गावात म्हणतात. फारसं खोटं नाही ते. नवरा धीरज बोईसरच्या कारखान्यातून पाळी संपवून परतायला दहा मिनिटं उशीर झाला, तर ती उमरोळीपर्यंतच्या प्रत्येक ओळखीच्या घरी फोन लावते. एकदा तर ती फोनवर त्याचा शर्ट कुठल्या रंगाचा ते सांगत होती, आणि धीरज मागच्या दारात पाय धूत होता.

माहेर एडवणचं. मराठी घेऊन बी.ए. झालेली. लग्नानंतर नारळ-सुपारीची आणि पानवेलींची वाडी, शनिवार-रविवारी मुंबईहून येणाऱ्या पाहुण्यांचं जेवण, सासूबाई रंभाबाई आणि एकुलती एक किंजल, एवढा पसारा तिला पुरून उरला. पण शिकलेल्या हाताला लिहायची खाज असते. ती तिने किंजलचे फॉर्म भरून भागवली. बालवाडीपासूनचा एकूण एक फॉर्म तिच्या अक्षरात. शाळेच्या डायरीतलं ‘आज मी काय शिकले’ तिनेच लिहिलं. चौथीत ‘माझी आई’ हा निबंधही तिनेच लिहिला, आणि त्यात आईची तोंड भरून स्तुती होती.

आणि हजेरी! दहा वर्षांत किंजलची एक गैरहजेरी नाही. पाय मुरगळला त्या आठवड्यात धीरजने तिला पाठुंगळी मारून शाळेत पोचवलं. पूर्ण हजेरीची दहा प्रमाणपत्रं ओटीच्या भिंतीवर ओळीने टांगलेली आहेत; पाहुणे आले की आधी ती दाखवायची, मग पाणी.

ती किंजल आता एकोणीस वर्षांची. पालघरच्या कॉलेजात विज्ञानाच्या दुसऱ्या वर्षाला, आणि डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेला दोनदा बसून तिसऱ्यांदा बसायच्या तयारीत. अलीकडे ती फार बोलत नसे. जेवायला ये म्हटलं की येई, जेव म्हटलं की जेवे. चंद्रकांता शेजारच्या मंदाला सांगे, "अभ्यासात बुडालीय ग अगदी." मंदा म्हणे, "बुडू दे, पण अधूनमधून वर काढ."

एके दिवशी किंजलने फोनमध्ये काहीतरी नवीन घेतलं.

"कॉलेजचं आहे, आई. संशोधन करतायत आमच्या वयाच्या मुलांवर. दिवसातून तीनदा विचारतं, कसं वाटतंय म्हणून."

"कोण विचारतं?"

"फोन."

"मी विचारत नाही का?"

"तू विचारत नाहीस, आई. तू सांगतेस."

चंद्रकांताने हे ऐकलं आणि डाळीला फोडणी दिली. फोडणी जरा जास्तच चरचरली.

संशोधन करणाऱ्या गटाची उत्कर्षा नावाची मुलगी कॉलेजात येऊन सगळं समजावून गेली होती. सकाळी आठ, दुपारी चार, रात्री दहा. सहा आठवडे. पण दुपारी तीन ते सहा किंजल गावातल्या अभ्यासिकेत बसे, आणि तिथे फोन न्यायला बंदी. त्यामुळे रविवार सोडून रोज चारच्या ठोक्याला फोन स्वयंपाकघरातल्या फळीवर एकटाच किणकिणे.

पहिल्या सोमवारी चंद्रकांताने दुर्लक्ष केलं. दहा मिनिटांनी फोन पुन्हा किणकिणला. ‘किंजल, तुझी नोंद झालेली नाही. पंधरा मिनिटं उरली.’

पंधरा मिनिटं! म्हणजे गैरहजेरी लागणार. भिंतीवरची दहा प्रमाणपत्रं तिच्याकडे टकामका बघायला लागली. किंजलच्या फोनचं कुलूप घरात सगळ्यांना ठाऊक होतं. बोटाने पडद्यावर घराचं छप्पर रेखायचं की उघडतो. तिने पदराला हात पुसले आणि छप्पर काढलं.

समोर पाच चेहरे. पहिला ढसाढसा रडणारा, पाचवा खदाखदा हसणारा. परीक्षेच्या वर्षात फार हसलेलं बरं दिसत नाही म्हणून तिने चौथ्यावर बोट नेलं. मग विचार केला, पाचपैकी चारच? आपली मुलगी? तिने पाचवा दाबला. ‘आत्ता काय करते आहेस?’ अभ्यास. ‘सोबत कोण आहे?’ आई. झाली नोंद. फोनने टाळ्या वाजवल्या. खऱ्याखुऱ्या, कडकडाट! तिला बी.ए.च्या निकालालाही कुणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या.

तीन दिवस तिने इमानेइतबारे ‘अभ्यास’ लिहिलं. चौथ्या दिवशी हाताला माती, केसांत वाळकी पानं, आणि समोर तोच प्रश्न. आत्ता काय करते आहेस? तिला वाटलं, खरंच की, काय करतेय मी? तिने लिहिलं, ‘पानवेलींना पाणी घालतेय. एका वेलीला नवं पान फुटलंय, उंदराच्या कानाएवढं. फार गोड दिसतंय.’

टाळ्या.

मग काय विचारता! पावणेचारपासून ती फळीजवळ घुटमळू लागली. ‘वाडीत मुंबईचे पाहुणे सुपारीच्या झाडाला नारळाचं झाड म्हणाले. कुणी हसलं नाही. मी आत येऊन हसले.’ ‘आज शिऱ्याला सासूबाईंनी नावं ठेवली नाहीत. उलट मागून घेतला. पाचाच्या पुढे चेहरा नाही का?’ एकोणीस वर्षांच्या बिनलग्नाच्या मुलीला सासूबाई कुठून आल्या, हे लिहिताना तिच्या ध्यानातही आलं नाही.

दोन आठवडे संपले तशी फोनने एक आलेख दाखवला. ‘तुझा पंधरवडा.’ चंद्रकांता कौतुकाने बघायला गेली आणि तशीच उभी राहिली. रविवार सोडला तर दर दुपारी चारला रेघ माडाच्या शेंड्याला जाऊन टेकत होती. सकाळी मात्र पहिला चेहरा. रात्री दुसरा, किंवा पहिलाच. रोज. सकाळ-रात्रीचे चेहरे किंजलचे होते.

खाली लिहिलं होतं, ‘तुझी सरासरी ठीक आहे. सरासरी अडीचच्या खाली गेली तर आमची ताई तुला फोन करून बोलेल.’

तिने बोटांवर हिशोब केला. सकाळचा एक, रात्रीचे दोन, आणि मध्ये आपले पाच. आठ भागिले तीन. अडीचच्या वर. म्हणजे पोरीशी बोलायला कुणीतरी तयार बसलंय, आणि आपण रोज चार वाजता खदाखदा हसून तो फोन अडवून धरतोय.

सांगून टाकावं? पण सांगितलं तर किंजलचं नाव कापतील. आणि किंजलला कळलं की आईने इथेही नाक खुपसलं, तर ती जेवढं बोलते तेवढंही बोलायची नाही. चंद्रकांताने दुसरा मार्ग काढला. आता रोज पहिला चेहरा दाबायचा. सरासरी आपटेल, ताईचा फोन येईल, कुणाला काही कळणार नाही.

सोमवारी चार वाजता तिने रडका चेहरा दाबला. पण रडका दाबला की फोन सोडत नाही. ‘काय झालं?’ रकाना भरल्याशिवाय पुढे जाईना. तिने काहीतरी दुःखाचं सुचावं म्हणून खिडकीबाहेर बघितलं. अंगणात अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या रंभाबाई हातात काठी घेऊन माडाखाली उभ्या होत्या आणि वरच्या वाळलेल्या नारळाला दटावत होत्या, "पड म्हनते ना! मेल्या, कवापासून उबी हाय मी. पड!"

चंद्रकांताला हसू फुटलं. तोंडात पदर कोंबला तरी आवरेना. डोळ्यांतून पाणी, हातात फोन, ‘सात मिनिटं उरली.’ त्या हसण्याच्या भरात तिने जे सुचलं ते लिहिलं, ‘आजी माडावरून पडली’, आणि पाठवून दिलं.

या वेळी टाळ्या वाजल्या नाहीत.

पाच मिनिटांत फोन वाजला. ‘उत्कर्षा ताई.’ उचलला तर आवाज किंजलचा नाही हे कळेल. चंद्रकांताने फोनवर परात पालथी घातली. परातीखाली तो सात वेळा वाजला.

सव्वापाच वाजायच्या आत अंगणात स्कूटर शिरली. पुढे हेल्मेट घातलेली अनोळखी मुलगी, मागे किंजल, पांढरीफटक. उत्कर्षा पालघरहून निघाली होती, गावात विचारत विचारत अभ्यासिकेत पोचली होती, आणि तिथून किंजलला उचलून आणलं होतं. वाटेत जिला जिला विचारलं तिने तिने ती बातमी पुढे नेली होती. स्कूटरच्या मागे अर्धी आळी पळत आली. मंदाच्या हातात गरम पाण्याची पिशवी, दोघांनी मिळून खाट उचललेली.

ओटीवर रंभाबाई सुपारी सोलत बसल्या होत्या.

"आजी!" किंजलने जाऊन त्यांना मिठीच मारली. "कुठे लागलं?"

"मना काय लागलं?"

"तू माडावरून पडलीस ना!"

रंभाबाईंनी सगळ्या गर्दीवर नजर फिरवली. "मी? माडावरशी? कवा? नि मना कोनी सांगलं नाय!"

"या वयात माडावर चढल्या," मागून कुणीतरी हळहळलं.

"चढली असेन तं काय झालं," रंभाबाई फुगल्या. "मना येतं चढाया."

किंजल रडत होती, आणि रडता रडता हसायला लागली. किती महिन्यांनी हसली, याचा हिशोब चंद्रकांता दाराआड उभी राहून करत होती. मंदाने खाटवाल्यांना परत पिटाळलं. गरम पाण्याची पिशवी मात्र रंभाबाईंनी ठेवून घेतली.

उत्कर्षाने आपला फोन पुढे केला. "चार वाजून अठरा मिनिटांनी तुझ्या फोनवरून आलंय, किंजल. आणि फोन तर तुझ्याकडे नाही म्हणतेस."

किंजलने वाचलं. मग स्वयंपाकघराच्या फळीकडे पाहिलं, पालथ्या परातीकडे पाहिलं, आणि शेवटी आईकडे. चंद्रकांताने डोळे मिटून घेतले.

"बिघडलंय काहीतरी त्या ॲपमध्ये," किंजल म्हणाली.

"मग अवघड आहे ग. केव्हापासून बिघडलंय तेच कळायचं नाही. तुझ्या सगळ्या नोंदी रद्द कराव्या लागतील."

"करा."

तो ‘करा’ चंद्रकांताला ओळखीचा होता. जेव म्हटलं की जेवते, त्याच आवाजातला. पोरीने आईला पाठीशी घातलं होतं आणि स्वतःचं दार लावून घेतलं होतं.

"थांबा," चंद्रकांता दाराआडून बाहेर आली. "काही बिघडलेलं नाही. चार वाजताचे सगळे चेहरे माझे आहेत. रविवार सोडून तेरा. आजीला मी पाडलं. फोन म्हणाला पंधरा मिनिटं उरली, मला वाटलं गैरहजेरी लागेल... तिचे फक्त सकाळ-रात्रीचे, ताई. ते खरे आहेत. तिचं नाव कापू नका. फोन तिला यायला पाहिजे. माझ्यामुळे आला नाही."

किंजल आईकडे बघत राहिली. "तू बघितलेस ते?"

"बघितले."

उत्कर्षा ओठ दाबून उभी होती. शेवटी तिला राहवलं नाही. "म्हणजे सासूबाई या होय? आमच्या ऑफिसात चार जण डोकं धरून बसलेत! केळव्यात चार वाजता असं काय होतं की ही मुलगी रोज इतकी खूश? आमच्या मॅडम तर म्हणत होत्या, समुद्राच्या वाऱ्याचा अभ्यास करायला पाहिजे."

"वारा कसला," रंभाबाई म्हणाल्या, "शिरा होता तो."

मग उत्कर्षा आणि किंजल वाडीत पानवेलींच्या सावलीत जाऊन बसल्या. चंद्रकांताने ठरवलं, मध्ये जायचं नाही. पाच मिनिटांनी पाणी घेऊन गेली. पाणी कोरडं कसं द्यायचं म्हणून चहा. चहाबरोबर चिवडा. मग तिने सासूबाईंना धाडलं, पानं खुडायच्या निमित्ताने. रंभाबाई परत आल्या. "काय बोलतात?" चंद्रकांताने विचारलं. "मना काय ऐकाया येतं?" रंभाबाई म्हणाल्या. चौथ्या खेपेला तिकडूनच आवाज आला, "आई, साखर पुरे, मीठ पुरे, सगळं पुरे!"

उत्कर्षा गेल्यावर किंजल स्वयंपाकघरात आली. परात सुलटी करून तिने फोन उचलला आणि तो न उघडताच म्हणाली, "मला तिसऱ्यांदा बसायचं नाहीये, आई."

चंद्रकांताच्या जिभेवर सतरा प्रश्न आले. मग करणार काय, लोकांना सांगायचं काय, बाबांना कोण सांगणार. एकेक गिळायला तिला बराच वेळ लागला. एवढं कष्टाचं काम तिने आयुष्यात केलं नव्हतं.

"कसं वाटतंय मग?" तिने विचारलं.

किंजल चकित होऊन बघत राहिली. "माहीत नाही," ती म्हणाली. मग फळीला टेकून खूप वेळ बोलली.

चार दिवसांनी कळलं की किंजलचं नाव राहिलं. चंद्रकांताच्या तेरा नोंदी पुसल्या गेल्या. पुसण्याआधी किंजलने त्या जेवताना मोठ्याने वाचून दाखवल्या आणि धीरजला ठसका लागला. दर गुरुवारी एक ताई फोन करते, तेव्हा किंजल दार लावून घेते आणि चंद्रकांता वाडीच्या पार टोकाला जाऊन उभी राहते. सकाळचा चेहरा कधी दुसरा असतो, कधी परत पहिला. तो आता किंजल आपण होऊन सांगते. त्या ॲपमधून ‘पंधरा मिनिटं उरली’ काढून टाकलंय म्हणे, आणि वर एक नवा प्रश्न घातलाय, ‘उत्तर कोण देतंय? मी, की घरातलं दुसरं कुणी?’ उत्कर्षाने तो पहिल्यांदा केळव्याला दाखवायला आणला.

किंजल आता अभ्यासिकेत जात नाही. परवा चार वाजता ती पायरीवर बसली होती आणि चंद्रकांता पदर खोचून पानवेली बांधत होती.

"आई, आत्ता कसं वाटतंय?"

चंद्रकांताने विचार केला. एक वेल सोडली, दुसरी धरली. "थांब जरा. सांगायला गेले की आजी पडते."

ओटीवरून रंभाबाईंचा आवाज आला, "आज कुटशी पडले ग मी?"