अंजीचा हातगुण

टेक्सासमधल्या अर्व्हिंगच्या त्या घरात आम्ही आठ जण राहत होतो. त्यातल्या सहा जणांना नोकरीचा व्हिसा अंजीच्या हातून मिळाला. म्हणजे तसा तो सरकारनं दिला. पण सरकारकडे जागा पासष्ट हजार, इथल्या विद्यापीठातून मास्टर्स केलेल्यांसाठी वर वीस हजार, आणि मागणारे काही लाख. म्हणून दर मार्चमध्ये सोडत निघते. सोडतीत नाव जायचं तर आधी मालकाच्या खात्यातून नोंदणीचं बटण दाबावं लागतं. आमच्याकडे ते बटण अंजी दाबायचा.

पूर्ण नाव वीरांजनेयुलु. आंध्रातल्या नरसरावपेटजवळच्या खेड्यातला. माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा, उंच, घरातसुद्धा इस्त्रीचा शर्ट घालणारा आणि भात इतका सावकाश खाणारा की त्याच्यासमोर बसलेल्याला पुन्हा भूक लागे. काम सॉफ्टवेअर तपासण्याचं. एक काम संपून दुसरं मिळेपर्यंत तो आमच्या मालकांच्या, दामोदर गारूंच्या (गारू म्हणजे तेलुगूत 'राव'), ऑफिसात बसून सगळ्यांचे कागद भरायचा. ऑफिस म्हणजे दाताच्या दवाखान्यावरच्या दोन खोल्या. पहिल्या वर्षी दामोदर गारूंच्या बोटाला पट्टी होती. ते म्हणाले, "अंजी, तूच दाब रे." त्यानं आम्हा पाच जणांचं दाबलं आणि शेवटी स्वतःचं. चौघांची नावं निघाली. त्याचं नाही.

दुसऱ्या वर्षी दामोदर गारूंकडच्या, घरातल्या आणि बाहेरच्या मिळून सात जणांचं दाबलं, पाच निघाली. त्याचं पुन्हा नाही.

"दिव्याखाली अंधार," चक्री म्हणाला. चक्री माझ्याच खोलीत राहायचा. त्याचं नाव दोन्ही वर्षं निघालं नव्हतं, त्यामुळे त्याला असं बोलायचा हक्क होता.

आमच्या गुंटूरकडे एखाद्या वैद्याच्या हाताला गुण असतो. औषध तेच, पण याच्या हातून घेतलं की लागू पडतं. अंजीच्या हाताला व्हिसाचा गुण आहे हे घरात एकमतानं ठरलं, आणि तिसऱ्या मार्चला ते घराबाहेर गेलं. शनिवार-रविवारी दारात चपलांचा ढीग पडू लागला. प्लेनोहून, ऑस्टिनहून पोरं आपापल्या मालकाचा पासवर्ड आणि लॅपटॉप घेऊन येत. नवऱ्याच्या नोंदणीसाठी आलेल्या एका बाईनं येताना पातेलंभर चिंचेचा भात आणला होता. अंजी हात धुवायचा, पुसायचा, पासपोर्ट मागायचा, एकेक आकडा तीनदा ताडून बघायचा आणि उजव्या हाताच्या पहिल्या बोटानं बटण दाबायचा. चुकीच्या आकड्याची नोंद बाद होते, त्यामुळे खरी करामत कदाचित त्या तीनदा बघण्यात असेल. पण बघण्याला कोण विचारतो? लोक बोटाकडे पाहत.

स्वतःची नोंद मात्र तो शेवटी ठेवायचा. ती पहिल्या दिवसापासून भरून तयार होती. फक्त बटण राहिलं होतं.

"अण्णा, स्वतःचं दाबून टाक ना एकदाचं," चक्री रोज म्हणायचा.

"वाढणाऱ्यानं आधी जेवू नये."

"ही पंगत नाही अण्णा, सोडत आहे."

"सगळ्यांचं होऊ दे," अंजी म्हणायचा आणि पुढच्याचा पासपोर्ट उघडायचा.

शिक्षणानंतर काम करायची त्याची परवानगी जूनमध्ये संपत होती. ही तिसरी आणि शेवटची सोडत. हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. आणि तरीही आमच्यातल्या एकानंही त्याला जबरदस्तीनं खुर्चीत बसवून बटण दाबायला लावलं नाही, कारण प्रत्येकाला आपल्या भावाचं, आपल्या मित्राचं आधी हवं होतं. त्या बोटातला गुण स्वतःवर खर्च झाला तर, अशी धास्ती होती. एवढे शिकलेले लोक आम्ही.

नोंदणीचा शेवटचा दिवस शुक्रवार. मुदत पूर्वेकडच्या वेळेनं दुपारी बारा, म्हणजे आमच्याकडे अकरा. पावणेअकराला पाच मिनिटं कमी असताना मी ऑफिसात शिरलो. सोबत माझा मामेभाऊ किरीटी होता.

दामोदर गारू तेव्हा विचारत होते, "अंजी, तुझं झालं का?"

"एक बटण राहिलंय."

"मग दाब की बाबा! मुहूर्त काढायचाय का?"

अंजीनं बोट उचललंही होतं. तेवढ्यात त्यानं आम्हाला पाहिलं.

"हा किरीटी, माझा मामेभाऊ," मी म्हणालो. "ह्यूस्टनहून चार तास गाडी हाकत आलाय. त्याची नोंदणी व्हायचीय."

"नोंदणी उघडून अठरा दिवस झाले, काय करत होतास?" तिथंच बसलेल्या चक्रीनं विचारलं.

"अण्णांच्या हाताची वाट बघत होतो," किरीटी म्हणाला. "सुट्टी आजच मिळाली." बटण त्याच्या स्वतःच्या लॅपटॉपवर होतं, पासवर्ड त्याच्या खिशात होता आणि बोटं दहाच्या दहा शाबूत होती.

"आधी अण्णाचं होऊ दे," चक्री म्हणाला.

यावर मी जे बोललो ते शब्द माझे आहेत, दुसऱ्या कुणाचे नाहीत. मी म्हणालो, "अण्णाचं काय, एक बटण. पाहुणा आहे तो. याचं आधी कर, अण्णा."

अंजीनं घड्याळाकडे बघितलं आणि हात धुवायला गेला.

किरीटीचा पासपोर्ट गाडीत राहिला होता आणि गाडी इमारतीच्या मागे. तो धावत जाऊन आला तोवर पाच मिनिटं गेली. जुना आणि नवा पासपोर्ट त्यानं रबर लावून एकत्र ठेवले होते, आपल्याकडे ठेवतात तसे, आणि आकडा जुन्याचा भरला. अंजीनं तीनदा ताडून बघितलं आणि तिसऱ्यांदा त्याच्या लक्षात आलं. सगळं पुसून पुन्हा भरावं लागलं.

"अण्णा, तुझं मी दाबतो तोवर," चक्री ऑफिसच्या कंप्युटरकडे सरकला.

"तुझा हात आजवर कुणाला लागलाय का रे?" मी म्हणालो. हेही मीच. चक्रीनं हात मागे घेतला.

अकराला दोन मिनिटं असताना किरीटीची नोंद झाली. अंजी आपल्या कंप्युटरशी आला. इतका वेळ हात लावला नव्हता म्हणून खातं आपोआप बंद झालं होतं. पासवर्ड घातला. मग दामोदर गारूंच्या फोनवर सहा आकडी नंबर आला.

"गारू, आकडा वाचा."

"थांब, चष्मा कुठे गेला माझा..."

चष्मा त्यांच्या डोक्यावर होता. तो चक्रीनं खाली ओढला, त्यांनी आकडा वाचला, खातं उघडलं. पडद्यावर लिहिलं होतं की या वर्षाची नोंदणी संपली आहे. अंजीनं तेही तीनदा वाचलं. मग किरीटीकडे वळून म्हणाला, "जेवून जा. लांब जायचंय तुला."

मार्च संपता संपता याद्या लागल्या. किरीटीचं नाव निघालं. चक्रीचंही निघालं. त्या वर्षी अंजीनं दाबलेल्या एकतीस नोंदींपैकी सतरा निघाल्या. काही जणांनी मिठाई पाठवली. त्यानं ती डब्यात भरून ठेवली आणि रोज जेवणानंतर आम्हाला वाढली.

गावी आईला त्यानं फोनवर सांगितलं, "नंबर लागला नाही, अम्मा." मग आम्हाला बसवून म्हणाला, "कुणी विचारलं तर हेच सांगायचं. नंबर लागला नाही."

"पण का?" चक्रीनं विचारलं.

"चूक झाली म्हटलं की कुणाची, हे ती विचारणार. आणि माझी आई नाव विसरत नाही."

तेव्हा तो माझ्याकडे बघत नव्हता. बघितलं असतं तर बरं झालं असतं. आणखी एक मास्टर्स घेऊन थांबायचा सल्ला दामोदर गारूंनी दिला. तो म्हणाला, "आहेत त्याच दोन पदव्यांना घरात भिंत पुरत नाही." जूनमध्ये मी त्याला विमानतळावर सोडायला निघालो. वाटेत दोनदा धीर केला.

"अण्णा, त्या दिवशी मी..."

"फणी, उजवी लेन धर. पुढे वळायचंय."

पुढच्या संक्रांतीला मी गावी गेलो. अंजीला हैदराबादेत नोकरी लागली होती, तोही सणाला घरी आला होता, म्हणून भेटायला गेलो. न जाण्याची कारणं आठवडाभर शोधली होती, एकही पटलं नाही. त्याच्या आईनं दोघांची पानं शेजारी मांडली, अंबाडीची चटणी वाढली, तूप वाढलं, तिळाचे अरिसेलु, म्हणजे अनारशांसारखेच, वाढले. मग समोर पाटावर बसली.

"फणी, एक विचारू का रे? तू तिथंच होतास."

"विचारा ना, अम्मा."

"माझ्या पोराची चिठ्ठी त्या मडक्यात पडली तरी होती ना? का कुणी मधल्या मधेच गाळली?"

अंजी भातात चटणी कालवत होता. त्यानं मान वर केली नाही. खरं सांगून मोकळं व्हावं असं वाटलं, आणि ते मोकळं होणं फक्त माझं असेल हेही कळत होतं.

"पडली होती, अम्मा."

"मग राहिलं. एवढ्या हजारांत त्याचं नव्हतं, तर नव्हतं. देवाशी काय भांडायचं?" तिनं पदरानं तोंड पुसलं. "आणि तुझी? तुझी कुणी टाकली होती?"

"अंजी अण्णानंच."

ती खुलली. त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाली, "बघ! लहानपणापासून याचा हात असाच. यानं लावलेलं रोप कधी मेलं नाही." आणि उठून माझ्या पानात आणखी दोन अरिसेलु घातले. "खा रे, लाजू नकोस."

मी दोन्ही खाल्ले.