बाईंचा बधिर ओठ

दुसऱ्याच्या लिहिण्यात चूक दिसली की बाईंच्या हातात पेन यायचं आणि स्वतःच्या दुखण्याचा विषय निघाला की तोंडाला कुलूप लागायचं. या दोन सवयींनी मिळून माझा जितका छळ केला, तितका ऑफिसमधल्या कुठल्याही साहेबाने केला नाही. नात्याने त्या माझ्या मावशी; पण मी त्यांच्याच शाळेत, त्यांच्याच मराठीच्या वर्गात शिकलो, त्यामुळे घरीसुद्धा ‘बाई’ आणि ‘अहो’. यजमान लवकर गेले, मूलबाळ नाही, म्हणून निवृत्तीनंतर त्यांचे दवाखाने, बँका आणि भांडणं माझ्याकडे आली.

मंडईत त्यांच्याबरोबर जाणं ही शिक्षाच होती. पाटीवर ‘कोथिंबिर’ दिसली की त्या तिथेच उभ्या राहायच्या. एकदा भाजीवाली म्हणाली, “बाई, जुडी घ्या, वेलांटी राहू द्या.” बाईंनी जुडी घेतली, पण आधी वेलांटी दुरुस्त करवून घेतली. याच बाई एकदा मनगट मोडलेलं असताना दोन दिवस डाव्या हाताने स्वयंपाक करत होत्या. मी संतापलो तर म्हणाल्या, “तू तिकडे लांब खराडीला ऑफिसात. मनगट काही पळून जात नव्हतं.”

खालची मागची दाढ काढावी लागली, तेव्हा तिथे इम्प्लांट, म्हणजे जबड्यात स्क्रू रोवून त्यावर नवा दात, बसवायचं ठरलं. केदार नावाच्या त्यांच्या जुन्या विद्यार्थ्याने नुकताच दातांचा दवाखाना थाटला होता. “दुसरीकडे कुठे जायचं नाही,” बाईंनी जाहीर केलं. “शुद्धलेखनात दहापैकी दहा मिळवणारा मुलगा आहे.” शुद्धलेखनाचा आणि जबड्याचा संबंध काय, हे विचारायची सोय नव्हती.

संमतीचा फॉर्म आला तेव्हा त्यांनी पर्समधून लाल पेन काढलं. ‘क्वचित प्रसंगी खालचा ओठ बधीर होऊ शकतो. दुसऱ्या दिवशीही तसाच राहिल्यास ताबडतोब कळवावे,’ या वाक्यातल्या ‘बधीर’वर त्यांनी काट मारली, वर ‘बधिर’ लिहिलं आणि सही केली. केदार लाजून हसला. मीही हसलो, हे आता आठवलं की स्वतःचाच राग येतो.

केदारने जबड्यात स्क्रू बसवला. रोज फोन केला की उत्तर एकच, “मजेत आहे.” टाके काढायला गेलो तेव्हा केदारने माझ्यासमोर विचारलं, “बाई, काही त्रास?”

“छे!”

महिन्याभराने मी त्यांच्याकडे जेवायला गेलो. त्यांच्या हनुवटीवर भाताची शितं चिकटली होती आणि त्यांना पत्ताच नव्हता. ओठाच्या कडेला भाजल्याचा फोड होता.

“हे काय?”

“चहा जरा गरम होता.”

“मग भाजताना कळलं नाही?”

त्या वाटीतली आमटी ढवळत बसल्या. मी खिशातून रुमाल काढला. “डोळे मिटा. ओठाला लागलं की सांगा.” त्यांनी आज्ञाधारकपणे डोळे मिटले. मी रुमालाचं टोक ओठावरून फिरवलं आणि बाजूला घेतलं. बाई तशाच बसून राहिल्या. मग म्हणाल्या, “लाव की. किती वेळ?”

त्यानंतर मी जो ओरडलो, तो शेजाऱ्यांनीही ऐकला असेल. “अहो, ते वाक्य तुम्ही स्वतः दुरुस्त केलंत!”

“व्याकरण तपासताना माणूस अर्थ वाचतोच असं नाही,” त्या म्हणाल्या. मग खालच्या आवाजात, “आणि नवा दवाखाना आहे रे त्याचा. मनाला लावून घेतलं असतं त्याने.”

दुसऱ्या दिवशी मी त्यांना जवळजवळ ओढतच नेलं. केदारने स्कॅन काढला. स्क्रू नसेवर दाबत होता. त्याचा चेहरा उतरला. “बाई, दुसऱ्या दिवशी कळवलं असतंत, तर मी तेव्हाच काढला असता. नस सावरायला बरीच संधी होती. आता काढतो, पण खात्री देता येणार नाही.”

“तुझी काही चूक नाही.”

“माझीच आहे.”

“तेव्हा सांगितलं असतं, तर पुढच्या पेशंटला हात लावताना घाबरला असतास तू.”

“घाबरायलाच हवं होतं, बाई,” केदार म्हणाला. “त्यानंतर मी आणखी सहा जणांना स्क्रू बसवलेत. माझं मोजमाप बरोबर आहे, असं समजून.”

“माझं चुकलं, केदार,” बाई म्हणाल्या. त्यांच्या तोंडून हे वाक्य मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं. घरून तोंडभर राग साठवून आणला होता, त्याचं काय करावं ते मला कळेना.

केदारने स्क्रू काढला. त्या सहाही जणांना बोलावून तपासलं. सगळे ठीक निघाले, हे नशीब. तेव्हापासून दुसऱ्या दिवशी सकाळी तो प्रत्येक पेशंटला स्वतः फोन करतो. बाईंच्या ओठाला काही महिन्यांनी मुंग्या येऊ लागल्या, पुढे निम्मा ओठ जागा झाला, निम्मा तसाच राहिला. त्या आरसा समोर ठेवून जेवू लागल्या. “नटण्याच्या वयात कधी एवढा पाहिला नव्हता,” म्हणायच्या. पाहुणे आले की मात्र रुमाल हातात आणि बोलणं कमी.

गेल्या हिवाळ्यात भर मीटिंगमध्ये त्यांचा फोन आला. “अरे, मला ताप आहे. आज सकाळीच आलाय. आजच सांगतेय, ऐकलंस ना?” मी तसाच निघालो, हॉस्पिटलमध्ये नेलं, सगळं वेळेवर झालं. छातीत कफ भरला होता. चौथ्या दिवशी बाई गेल्या.

आयुष्यभर मी त्यांच्यामागे लागलो होतो, बाई, वेळेवर सांगा. एकदा सांगितलं, तर हे असं. त्या फोनची आठवण झाली की मी अजूनही चिडतो. नेमका कुणावर, ते मात्र मला सांगता येत नाही.