साहेबांच्या दारातून

या वयात माझ्या हातून काय घडलं ते ऐका, फक्त हातातला कप आधी खाली ठेवा.

माझ्या पुतण्याची, विष्णूची, शेतात जायची वाट शेजाऱ्याने अडवली. दावा तालुक्याच्या कोर्टात गेला. ती वाट पहिल्यापासून तिथेच होती, हे सांगणारा साक्षीदार मी. "काका पीएच.डी. हायेत, कॉलेजात शिकवायचे. त्यांच्या शब्दावर कोर्ट बिलकुल शंका घेणार न्हाई," असं विष्णू गावभर सांगत होता.

कोर्टाची इमारत नवी. विष्णूने मला बाहेरच्या बाकड्यावर बसवलं. "काका, पुकारा झाला की या समोरच्या दारानं आत या. तवर कुठं जाऊ नका."

बसलो. पण शेजारचा शिपाई बोलता बोलता म्हणाला, "इथं वाटा तीन. जज्जसाहेबांची येगळी, आरोपीची येगळी, पब्लिकची येगळी. कोर्टात जाईस्तोवर कोणाची कोणाशी गाठ पडत न्हाई."

आता मला सांगा, एका छपराखाली तीन वाटा आणि एकमेकींना कुठेच छेदत नाहीत? हे जमवलं कसं असेल? शिपाई चहाला गेला आणि मी डोक्यात नकाशा जुळवत निघालो. एक वळण, मग जिना, मग दुसरं वळण. शेवटी लाकडी दार. ढकललं.

समोर सगळं कोर्ट ताडकन उभं राहिलं. मी उंच चौथऱ्यावर, साहेबांच्या खुर्चीशेजारी.

आपल्यासाठी माणसं उठली की आपण काय म्हणतो? "बसा, बसा," म्हणालो. कोणी बसेना. वकील एकमेकांकडे बघत होते. नवे साहेब आले, असं वाटलं असावं. पुढचे एक फेटेवाले आजोबा हळूच म्हणाले, "आधी तुमी बसा साहेब. त्याबिगर आमाला बसता येत न्हाई." काठीवर सगळा भार टाकून ते उभे होते. काय करणार? बसलो. सगळे बसले.

मागच्या बाकावरून विष्णू कळवळला, "काका, तिथं काय करताय तुमी?"

तेवढ्यात त्याच दारातून खरे साहेब आले. सगळे पुन्हा उठले. सगळ्यात आधी मी.

बाकड्यावरून कसा भरकटलो ते सांगून साहेबांची माफी मागितली आणि खाली उतरलो. थोड्या वेळाने साक्षीला उभा राहिलो. शेजाऱ्याच्या वकिलाने अगदी अदबीने विचारलं, "सर, बाकड्यापासून इथपर्यंतची वाट आपल्याला सापडली नाही. शेतातली नक्की आठवते?"

"आठवते," म्हणालो, आणि संशोधकाच्या सवयीने पुढे जोडलं, "म्हणजे, आतापर्यंत तरी तसं वाटत होतं."

विष्णूने कपाळावर हात मारला.

"शेवटचा प्रश्न. कॉलेजात आपण काय शिकवायचात?"

"भूगोल."