भव्याच्या घरी, देवनहळ्ळीला

यंदा आमच्या शाळेनं ठरवलं की शिक्षकांनी मुलांच्या घरी जायचं. मी इथे बेंगळुरूच्या येलहंक्यात सातवीला इंग्रजीतून गणित शिकवते. नागपूरहून येऊन दोन वर्षं झाली, तरी माझं कन्नड ‘स्वल्प’ म्हणजे थोडं आणि ‘सरी’ म्हणजे बरं, याच्या पुढे गेलेलं नाही. नियम दोनच होते: जोडीनं जायचं आणि गुणपत्रिका सोबत न्यायची नाही.

पहिलं घर मी भव्याचं निवडलं, कारण घाई होती. पुढच्या वर्षी तिला गावातल्या शाळेत घालणार, असं तिच्या आईनं कळवलं होतं. तिच्या डायरीत तीनदा ‘लक्ष नाही’ असा शेरा मीच लिहिला होता.

सोबत आमच्या कन्नडच्या शिक्षिका, सुमित्राअक्का. त्यांचं मराठी घराणं पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरूतलं. मराठी फक्त घरात, तीही अर्धी कन्नड.

शनिवारी सकाळी साडेसातची साधी बस धरली. इथलं आधार कार्ड असेल तर बायकांना या बसचं तिकीट लागत नाही, एसी बसमध्ये मात्र लागतं. विमानतळाच्या रस्त्यानं द्राक्षांचे मळे आणि प्लॉटचे फलक आलटून पालटून दिसत राहतात. तासाभरात देवनहळ्ळी. स्टँडसमोर थाळीएवढी तट्टे इडली आणि कॉफी, दोघींचं शंभराच्या आत. किल्ला छोटा आहे, पण उन्हाआधी त्याच्या दगडी दरवाजातून जरूर फिरून या. तिथून रिक्षानं दहा मिनिटांवर भव्याचं गाव.

दोन खोल्या, पुढे पत्र्याची पडवी, शेजारी चकोत्याचं, म्हणजे पपनसाचं झाड. मंजुळम्मांनी, म्हणजे भव्याच्या आईनं, आम्हाला खुर्च्या दिल्या आणि स्वतः भिंतीशी उभ्या राहिल्या. भव्या मध्ये. पालकसभेत आईचं आणि आमचं बोलणं तीच इकडून तिकडे पोहोचवते. अक्कांनी तिला सांगितलं, आज तुला सुट्टी, मी आहे. तेव्हा कुठे मंजुळम्मा बसल्या.

मुलीसाठी तुम्हाला काय हवंय, असं आम्ही विचारलं. त्या म्हणाल्या की आम्ही नाव काढून टाकायला आलोय, असंच त्यांना वाटलं होतं. शाळेचा फोन येतो तो तक्रारीचाच. गणिताचा तास असेल त्या दिवशी पोरगी रडत घरी येते. रोज रडण्यापेक्षा जवळची शाळा बरी, म्हणून तो निर्णय.

मग त्यांनी भव्याला काहीतरी आणायला सांगितलं. तिनं एक मोठा कागद उलगडला. आजोबांचं विकलेलं शेत तिनं पावलांनी मोजून काढलं होतं. कुठे बांध होता, कुठे विहीर, आणि त्यावर आता पडलेले प्लॉट, प्रत्येकाचं क्षेत्रफळ शेजारी लिहिलेलं. मी चार ठिकाणी पडताळून पाहिलं. चारही बरोबर.

क्षेत्रफळाच्या चाचणीत मी तिला दहापैकी तीन दिले होते.

“मग चाचणीत काय झालं?” मी विचारलं.

“गणित कळतं, मिस,” ती हळूच म्हणाली. “प्रश्नातलं पुस्तकी इंग्रजी कळत नाही.”

मला तिच्याकडे बघवेना. अक्का माझ्याकडे वळल्या. “आईला काय सांगू?”

“चूक माझी होती, असं सांगा.”

“सगळं सांगू, का स्वल्प?”

“सगळं.”

त्यांनी सगळं सांगितलं. मंजुळम्मा ऐकून उठल्या, झाडाचा एक चकोता काढून आणला आणि सोलून पाकळ्या माझ्या हातावर ठेवल्या. निर्णय बदलला असं त्या म्हणाल्या नाहीत. मेपर्यंत बघू, एवढंच म्हणाल्या.

तुम्ही शिक्षक असाल आणि असं कुणाकडे जाणार असाल, तर भाषा जाणणारं माणूस सोबत न्या. आणि आईवडिलांशी बोलताना त्यांच्याच मुलाला दुभाषी करू नका. घरी परतले तेव्हा पाय दुखत होते, पण मनात बोचत होते ते माझे तीन शेरे. आता वर्गात मी प्रश्न आधी सोप्या शब्दांत फोडून सांगते. मुलं कन्नडमध्ये विचारतात, वर्गातलंच कुणीतरी मला समजावतं.

पंधरा दिवसांनी भव्यानं फळ्यापाशी उभं राहून अख्ख्या वर्गाला क्षेत्रफळ शिकवलं. संध्याकाळी मी मंजुळम्मांना फोन लावला. हीच बातमी सांगणारी तीन कन्नड वाक्यं अक्कांनी देवनागरीत लिहून दिली होती.

“एन आयतु, मिस?” काय झालं? त्यांचा आवाज घाबरलेला.

मी वाक्यं वाचली. माझे उच्चार चुकले, असं वाटलं. मग त्यांनी थांबायला सांगितलं, नवऱ्याला हाक मारली आणि म्हणाल्या, आता परत सांगा.

मी पुन्हा पहिल्यापासून वाचलं.