तुरीची झोपमोड

"उतरव तो दिवा, आत्ताच्या आत्ता उतरव," खांबाखाली उभे राहून सरपंच ओरडत होते. खांबावर चढलेला वायरमन वरून शांतपणे म्हणाला, "मागल्या साली तुमीच वरडत होता, चढव म्हणून."

परभणी जिल्ह्यातल्या त्या गावाचं मला झालेलं हे पहिलं दर्शन. देवगाव फाट्यावर एसटीतून उतरलो तेव्हा अंगावर एवढा फुफाटा (मऊ धूळ) बसला होता, की त्यात हरभरा सहज उगवला असता. न्यायला आलेल्या भालेरावने मला आवाजावरून ओळखलं. कृषी महाविद्यालयात आम्ही एका खोलीत राहिलो. आता तो या गावात शाळामास्तर. "सोले (तुरीचे हिरवे दाणे) खायला ये," असं त्याचं पत्र आलं, आणि मी सांगलीहून निघालो. विद्यापीठाच्या नामांतराच्या वादामुळे त्या वर्षांत तिकडे माणसं एकमेकांशी मोजून बोलत. सरपंच मात्र न मोजता बोलत होते.

कारण त्यांची तूर. खांब त्यांच्याच शेतात, आणि दिव्याच्या उजेडाच्या रिंगणाबाहेर शेंगांचे घोस लटकलेले. रिंगणात नुसता पाला. झाडं इतकी उंच, की शेंड्यावर बसलेला होला पक्षी खाली बघून डोळे मिटत होता. फूल मात्र औषधालाही नाही.

"तीन फवारे मारले," सरपंच मला सांगू लागले. "पोखर्णीच्या नरसिंहाला नवस बोललो. तरी फूल धरंना. वस्तीवरच्या कुणाची तरी नजर हाय, पावनं. शेवटी माझी कारभारीण म्हणली, दिव्याखालचीच तेवढी वांझ हाय, दिवा काढा."

वस्ती म्हणजे बौद्ध वस्ती, तिथून दोनशे पावलांवर. विजेची तार वस्तीवरूनच आलेली. दिवाही तिथल्याच खांबाला मंजूर झालेला. पण सरपंचांच्या मते गावातल्या सर्वात गरजू जीवाला उजेड आधी मिळायला हवा होता, आणि तो जीव म्हणजे त्यांची तूर, तिला चोरांची भीती; म्हणून दिवा शेतात लागला. वस्तीत भालेरावचा प्रौढांचा वर्ग भरायचा. एका कंदिलाभोवती बारा डोकी. बाराखडीपेक्षा टेंगळं जास्त, असं तो म्हणाला.

"कारभारणीचं बरोबर हाय," भालेराव म्हणाला. "तुरीला रात्र मोजायची सवय असती. थंडीत रात्र लांबली की ती फूल धरती. तुमी रात्रच होऊ देत न्हाई."

"झाडाला काय कळतंय रात्रीचं?"

"माणसाच्या डोक्यात अंधार पडला की मेलाटोनिन नावाचं द्रव्य तयार होतं. रात्र झाली म्हणून ते अंगाला सांगतं. झाडातबी तसलं काही असंल का, असं मला लय दिवस वाटायलंय. अजून कुठं वाचायला मिळालं न्हाई. पण दिव्यानं तूर फुलत न्हाई, एवढं पक्कं हाय."

सरपंचांनी खिसा चाचपला. "ते मेलाटोनिन सेलूला दुकानात मिळंल का? एक पोतं आणतो."

"अंधार फुकट हाय, सरपंच."

फुकटची वस्तू घ्यायला सरपंच तयार झाले. दिवा वस्तीला देतो म्हणाले, इतक्या दानशूर आवाजात, की स्वतःच्या खिशातला चंद्र काढून देतायत असं वाटावं. पण वायरमन खाली उतरला आणि म्हणाला, "दिवा हलवायचा तर अर्ज करा. मंजुरी येस्तोवर पेरणी येईल."

सरपंचांचा चेहरा तुरीपेक्षा हिरवा पडला. तेवढ्यात वायरमनने पिशवीतून वही काढली, पानं उलटली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. दिवा, बौद्ध वस्ती. बसवला. चालू आहे. खाली सरपंचांची सही.

सगळे वहीवर वाकले. होलासुद्धा.

"सही तुमचीच हाय न्हवं?" भालेरावने विचारलं.

"हाय," सरपंच पुटपुटले.

"मग दिवा वस्तीतच हाय," वायरमन वही मिटत म्हणाला. "हाय तिथं असायला अर्ज लागत न्हाई." आणि तो पुन्हा खांबावर चढला.

दिवस मावळायच्या आत दिवा वस्तीतल्या खांबावर लागला. सरपंच जातीने हजर. वर्षानुवर्षं ज्या गल्लीत त्यांची चप्पल वाजली नव्हती, तिथे त्यांनी भाषण केलं, की हा दिवा पहिल्यापासून आपल्या बांधवांचाच. टाळ्या एकट्या कोतवालाने वाजवल्या. मग आम्ही तिथेच वस्तीत, भालेरावच्या घरी सोल्याची आमटी आणि भाकरी खाल्ली. मी अकरा भाकरी खाल्ल्या, भालेराव तीन सांगतो. बाहेर वर्ग भरला होता, आणि कुणाचं डोकं कुणावर आपटल्याचा आवाज येत नव्हता.

तिसऱ्या दिवशी निघालो. तूर फुलायला वेळ होता, पण आता ती रात्री झोपत होती. हरितक्रांती वगैरे आपण ऐकतो. एका झाडाची झोपमोड झाल्याशिवाय वस्तीत उजेड येत नाही, हे मात्र मला कुठल्या वर्गात शिकवलं नव्हतं. भालेरावची आई उंबऱ्यात सूप घेऊन बसली होती. निरोप घेताना मी विचारलं, "माय, दिवा कधी आला म्हणायचा?"

ती पाखडत राहिली. "कागदावर लय दिस झाले म्हणं. दिसायला परवापासून लागला."