तिले सांग, जाळ कमी कर

माझ्या सासूबाईंना सगळं गाव अक्का म्हणायचं. यावलकडची एसटी आमच्या केळीच्या बागेवरून जाते. तिथे थांबा नाही, पण अक्का विळा उंच धरून रस्त्यात उभ्या राहायच्या. कंडक्टर म्हणायचा, "अक्का, इथं स्टॉप नाही." अक्का पायरी चढता चढता म्हणायच्या, "मंग गाडी कशी थांबली?" तो बिचारा तिकीट द्यायचा.

घरची बाग केळीची, पण नातवंडांसाठी पिकवायला ठेवलेला घड अक्का लपवून ठेवायच्या. जागा दरवेळी नवी. एकदा गोधड्यांच्या पेटीत ठेवला आणि विसरल्या. घरभर वास सुटला तेव्हा त्या स्वतःच पदर नाकाला लावून म्हणाल्या, "या घरात कोनी साफसफाई करते का नाही?" पेटी उघडली. काळा पडलेला घड पाहून म्हणाल्या, "हे कोनं ठेवलं?" मुलं हसून लोळली. अक्का मात्र अगदी शेवटपर्यंत तो घड दुसऱ्या कोणीतरी ठेवला असंच सांगत राहिल्या.

त्यांच्याबद्दल लिहायचं तर काकीबद्दल लिहावंच लागेल. काकी म्हणजे अक्कांची चुलत जाऊ. आमचं आणि तिचं अंगण एक, मध्ये फक्त कमरेएवढी भिंत. माझ्या लग्नाच्या आधी कधीतरी काकीची म्हैस आमच्या बागेत शिरली आणि केळीची नवी लावलेली रोपं तुडवून गेली. अक्का चार बायांसमोर म्हणाल्या, "म्हैस बी मालकिनीसारखीच, बोलावल्याबिगर येते." झालं. तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद. ती म्हैस मरून गेली, तिच्या रेड्या म्हाताऱ्या झाल्या, तरी बंद ते बंदच.

पण अखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, आली की पंचाईत व्हायची. आमच्याकडे अखाजीला पितरांच्या नावानं पाण्याची घागर भरतात, वर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवतात आणि खापरावरचे मांडे लागतात. मांडा म्हणजे पुरण भरलेली पोळी, पण लाटायची नाही. दोन्ही हातांवर झेलत झेलत कोपरापर्यंत पसरवायची आणि उपड्या घातलेल्या मातीच्या खापरावर टाकायची. एकटीचं काम नाही. अक्कांसारखा मांडा पसरवणारी गावात दुसरी नव्हती आणि काकीसारखी जाळ सांभाळणारी नव्हती. त्यातून पीठ-पुरण आमचं, खापर तिचं.

म्हणून अक्कांनी एक युक्ती काढली होती. सकाळी अंगणात चूल मांडायच्या, पेटवायच्या आणि आभाळाकडे तोंड करून ओरडायच्या, "चूल पेटली बरं!" कोणाला म्हणून नाही. आभाळाला. थोड्या वेळानं काकी डोक्यावर खापर घेऊन यायची आणि चुलीपाशी बसायची. तीही कोणासाठी म्हणून नाही.

पहिल्या वर्षी मला वाटलं, दोघी आता काही बोलणार नाहीत, बरं झालं. मी शिरपूरकडची, सासरी नवी, मुळात लाजरी. मी मधल्या पाटावर पुरणाचे गोळे करत होते. तेवढ्यात अक्का म्हणाल्या, "तिले सांग, एवढा जाळ अखाजीले लावतेत का होळीले?"

मी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. काकी दोन हातांच्या अंतरावर बसलेली. तिला सगळं ऐकू गेलेलं. तरी ती माझ्याकडे तोंड करून वाट पाहत होती. मी म्हटलं, "काकी, अक्का म्हणतात, जाळ छान शे, थोडा कमी केला तर अजून छान."

"तिले सांग," काकी म्हणाली, "माह्या जाळावर तिचे मांडे भाजतेत. तोंडाच्या वाफेवर भाजत असतीन त मी उठते."

"अक्का, काकी करतात कमी."

"सांगितलं का बराबर?"

"सांगितलं."

"मंग ती काय म्हने?"

असं दिवसभर. दोघी माझ्या अहिराणी 'शे'ला हसायच्या, म्हणजे अक्का हसायच्या आणि काकी चुलीत तोंड घालून हसायची. "शिरपूरचं टपाल," असं नाव पडलं माझं. मी निरोप गोड करून द्यायची, हे दोघींना कळत होतं. कधीकधी अक्का मुद्दाम फार तिखट बोलायच्या आणि मी त्याचं काय करते ते बघत बसायच्या. दरवर्षी मांडे झाले की निम्मे टोपलीत घालून भिंतीवर ठेवायचे. कोणी दिले नाहीत, कोणी घेतले नाहीत, पण टोपली रिकामी होऊन परत यायची. आणि टपालाच्या नादात मी मांडा पसरवायला मात्र कधी शिकले नाही. हात पुढे केला की अक्का म्हणायच्या, "तू निरोप दे."

मागच्या हिवाळ्यात अक्का अंथरुणाला खिळल्या. तिथूनही घर चालवत होत्या. डॉक्टरांनी केळं बंद केलं तर उशीखाली केळं सापडलं. ते कोणी ठेवलं, त्यांना माहीत नव्हतं. एक दिवस मला जवळ बसवलं आणि म्हणाल्या, "माह्या पहिल्या अखाजीले घागरीवर मांडा पायजे. खापरावरचा. दुकानातला आनशीन त मी येनार नाही."

"असं काय बोलता अक्का. आणि मला कुठे येतो?"

"येईन. पसरव. फाटला त फाटला."

"आणि जाळ? काकीला सांगून ठेवू का?"

"तिले कायले सांगा लागते? चूल पेटली की येते ती."

अक्का गेल्या त्या दिवशी काकी आली, त्यांच्या पायांपाशी बसली. मग तिनं आमच्या अंगणात पाऊल टाकलं नाही. भिंतीपलीकडून तिचा खोकला तेवढा ऐकू यायचा.

अखाजी जवळ आली तशी माझी झोप गेली. माझी सून म्हणाली, "आई, जळगावला तयार मांडे मिळतात, फोन केला की येतील." हे म्हणाले, "मी जाऊन काकीला बोलावतो." मी दोघांनाही नको म्हटलं. बोलावून आलेली काकी ही काकीच नव्हे, आणि तसा मांडा अक्का घेणार नाहीत, हे मला पक्कं ठाऊक होतं. चूल पेटवून हाक मारायची होती. आणि मी जन्मात कधी मोठ्यानं ओरडलेली नाही. बागेत माकडं आली तरी मी घरात येऊन सांगते.

सकाळी पीठ मळलं, पुरण केलं, चूल पेटवली. घागर भरून ठेवली, वर डांगर ठेवलं. मग आभाळाकडे तोंड केलं. पदर सारखा केला, पुन्हा वर पाहिलं आणि म्हटलं, "चूल पेटली बरं." शेजारच्या चिमणीनंही मान वळवली नाही. अजून एकदा म्हटलं, जरा मोठ्यानं. भिंतीपलीकडे सामसूम. तिसऱ्यांदा मी डोळे मिटले आणि इतक्या जोरात ओरडले की सून घरातून पळत आली.

डोळे उघडले तर काकी खापर डोक्यावर घेऊन अंगणाच्या मागच्या दाराशी उभी. कधीची उभी होती कोण जाणे.

"तिले सांग," काकी म्हणाली आणि मोकळ्या पाटाकडे हनुवटी केली, "सुनेले हाक मारायले बी शिकवलं नाही."

अक्कांचा पाट मी सवयीनं मांडला होता. काकीनं खापर चुलीवर उपडं घातलं, खाली काड्या सारल्या. मी गोळा हातावर घेतला. अक्का झेलायच्या तसा झेलला. मनगटापर्यंत बरा गेला, पुढे मध्येच फाटला आणि पुरण माझ्या कोपरावरून ओघळलं. दुसरा खापरावर पडला, पण आमच्या तालुक्याच्या नकाशासारखा. तिसरा जरा गोल झाला.

"तिले सांग," काकी म्हणाली, "तिच्या हाताची सर कोनाले येनार नाही."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला निरोपात काही बदलायला नव्हतं. मी पाटाकडे वळून तो होता तसाच सांगितला.

काकी खापराकडे बघत राहिली. मग म्हणाली, "सांगितलं का बराबर?"

"सांगितलं."

"मंग ती काय म्हने?"

मांड्याची कड करपायला लागली होती. मी म्हटलं, "अक्का म्हणतात, जाळ कमी कर."

काकी वाकली आणि चुलीतली एक काडी मागे ओढली.